स्टँड मिक्सरवर फ्रेंच ब्रेड: कोल्हापूरच्या हवेत पीठ गार ठेवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात घरी नव्या स्टँड मिक्सरवर फ्रेंच ब्रेड करते. ५०० ग्रॅम मैदा, ३५० मिली पाणी, दोन छोटे चमचे इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर, दोन चमचे तेल. चौथ्या स्पीडवर १५ मिनिटं मळते. आधी गोळा गुळगुळीत होतो, मग पुन्हा चिकट होऊन भांड्याला लागतो. पाऊण तासात भसाभस फुगतो, पण ओटीजीत (घरगुती ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) ब्रेड आडवा पसरतो, चिरा उघडत नाहीत, रंग फिका राहतो आणि तासाभरात साल मऊ पडते. चुकतंय काय?

ताई, यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. मिक्सरमधून बाहेर येणारं तुमचं पीठ गरम आहे आणि गरजेपेक्षा जास्त मळलेलं आहे. मैदा बदलण्याआधी किंवा नवा ओव्हन घेण्याआधी दांडीवाला स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या आणि मिक्सर थांबवल्या थांबवल्या तो गोळ्यात खुपसून बघा. फ्रेंच ब्रेडचं पीठ २४ ते २५ अंशांवर मिक्सरमधून निघायला हवं. तुमचं ३२-३३ च्या आसपास निघत असणार.

हाताने मळताना तळहाताची ऊब लागते तेवढीच. मिक्सरचा हुक मात्र पीठ भांड्याच्या कडेवर सतत घासतो आणि त्या घर्षणाची बरीचशी उष्णता पिठातच राहते. स्पीड जितका वाढवाल, तितकं हे भराभर होतं. आपला मैदा मुळात फार ताकदीचा नसतो. पाकिटावर प्रथिनं १०० ग्रॅमला ९ ते ११ ग्रॅम अशी लिहिलेली दिसतात. या प्रथिनांची लवचीक जाळी (ग्लुटेन) सात-आठ मिनिटांत पुरेशी तयार होते. त्यापुढेही हुक चालत राहिला की ती तुटायला लागते आणि तिने धरून ठेवलेलं पाणी सुटतं. गोळा गुळगुळीत होऊन पुन्हा चिकट होतो तो यामुळे. त्या वेळी वरून मैदा भुरभुरवण्याचा मोह होतो, तो टाळा. तुटलेली जाळी कोरड्या मैद्याने जुळत नाही, फक्त ब्रेड घट्ट होतो.

आता गणित. बेकर लोक पाण्याचं तापमान असं काढतात: हवं ते पिठाचं तापमान गुणिले तीन, त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाचा आकडा वजा. घर्षणाचा आकडा प्रत्येक मिक्सरचा वेगळा असतो आणि तो एकदाच काढावा लागतो. समजा मैदा ३०, खोली ३०, पाणी २० अंश होतं आणि मळून झाल्यावर पीठ ३१ भरलं. ३१ त्रिक ९३, त्यातून ८० वजा, म्हणजे तुमच्या मिक्सरचा आकडा १३. आता एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघर ३४ अंशांवर असताना २५ चं पीठ हवं असेल, तर ७५ वजा ३४ वजा ३४ वजा १३. उत्तर शून्याखाली येतं. फ्रिजचं पाणीसुद्धा पुरणार नाही, असा याचा सरळ अर्थ. मग एक तर मोजलेला मैदा आदल्या रात्री डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवायचा, नाही तर पुढे देते आहे तसं पूलिश वापरायचं. मी पूलिशच सुचवेन, कारण त्यातून गारवाही मिळतो आणि चवही.

पूलिश म्हणजे समान वजनाचा मैदा आणि पाणी, त्यात चिमूटभर यीस्ट, असं रात्रभर मुरवलेलं पातळ आंबवण. परदेशी पाककृतींत ते १२ तास बाहेर ठेवायला सांगतात. तिथल्या २० अंशांच्या खोलीला ते ठीक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बारा तासांनी ते आंबट, पातळ होतं आणि मधोमध बसलेलं दिसतं. असं पूलिश घातलं की सगळं पीठच ढिलं पडतं. म्हणून दीड तास बाहेर ठेवा, बुडबुडे दिसायला लागले की झाकून फ्रिजमध्ये, आणि सकाळी थंडच वापरा. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर बाहेर राहिलं तरी चालतं.

प्रमाण सगळं ग्रॅममध्ये देते. पाणीसुद्धा काट्यावरच मोजा.

पूलिशसाठी: मैदा १५०, पाणी १५०, इन्स्टंट यीस्ट दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं.

सकाळी त्यात: मैदा ३५०, पाणी १६०, मीठ १०, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचा अर्ध्याहून किंचित जास्त. उन्हाळ्यात दीड ग्रॅम पुरतं. शिवाय १५ ग्रॅम पाणी बाजूला राखून ठेवा.

तेल आणि साखर दोन्ही वगळा. तेलाने साल मऊ राहते, आणि तुम्हाला तर नेमकी कडक साल हवी आहे. तुमचं यीस्टही या वजनाला तिप्पट होतं. दोन चमचे यीस्ट गरम पिठात टाकलं की ते पाऊण तासात फुगतं खरं, पण चव येण्याआधीच फुगतं. वर मैद्यातली साखर खाऊन टाकतं, म्हणून भाजताना रंगाला काही उरत नाही.

रंग फिका राहण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मैद्यातच असतं. आपला गहू मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत काढला जातो, शेतात त्याला मोड फुटत नाहीत. त्यामुळे स्टार्चची साखर करणारं विकर आपल्या मैद्यात बहुधा कमी असतं. फ्रान्सच्या १९९३ च्या सरकारी आदेशानुसार ‘पारंपरिक फ्रेंच ब्रेड’ म्हणून विकायच्या पावात गहू, पाणी, मीठ आणि आंबवण हेच हवं. जे थोडे अपवाद चालतात त्यांत मोड आणलेल्या गव्हाचं पीठ ०.३ टक्क्यापर्यंत आहे. आपल्याला हे घरी जमण्यासारखं आहे. नाचणीला आणतो तसे गव्हाला मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि वाटणाच्या मिक्सर-ग्राइंडरवर बारीक वाटून चाळून घ्यायचे. तव्यावर भाजायचं मात्र नाही, भाजलं की विकर मरतं. हे पीठ ५०० ग्रॅम मैद्याला फक्त दीड ग्रॅम. जास्त झालं तर आतला गाभा चिकट, कच्चट लागतो. घरात कोल्हापुरी गूळ असतोच, तो थोडा घातला तर रंग येईल, पण चव फ्रेंच ब्रेडची राहणार नाही.

मैदा निवडताना पांढराशुभ्र घेऊ नका, किंचित पिवळसर झाक असलेला घ्या. त्या पिवळसर रंगद्रव्यातच गव्हाचा वास असतो. जास्त मळल्याने पिठात हवा मिसळत जाते आणि हे रंगद्रव्य नष्ट होतं, हे रेमों काल्वेल या फ्रेंच बेकिंग-तज्ज्ञांनी दाखवून दिलं. आधी मैदा-पाणी कालवून मुरू द्यायचं आणि मग थोडकंच मळायचं, ही १९७४ सालची पद्धतही त्यांचीच. घरगुती मिक्सरला तिच्याइतकी उपयोगी दुसरी पद्धत नाही.

आता मिक्सरवर. भांड्यात थंड पूलिश, १६० ग्रॅम पाणी, ३५० मैदा, मोडाचं पीठ आणि यीस्ट. पाणी उन्हाळ्यात माठातलं घ्या. फ्रिजमधलं पूलिश गारवा देतंच, त्यामुळे बर्फ लागत नाही. पहिल्या स्पीडवर दोन मिनिटं, कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत. मग मिक्सर बंद, झाकण घाला, २० मिनिटं हात लावू नका. फार उकाडा असेल तर ही २० मिनिटं भांडं फ्रिजमध्ये. या वेळात मैदा आपोआप पाणी पितो आणि जाळी न मळता जुळायला लागते.

मीठ आता घाला. पहिल्या स्पीडवर दोन मिनिटं, मग दुसऱ्यावर तीन ते चार. शेवटच्या मिनिटाला राखलेलं पाणी जमेल तसं चमच्या-चमच्याने. गोळा ते पीत नसेल, कडेने पाणी फिरताना दिसत असेल, तर तिथेच थांबा. पावसाळ्यात मैदा आधीच दमट असतो, तेव्हा हे १५ ग्रॅम बहुधा लागतच नाही. नेहमी आरओचं पाणी वापरत असाल तर पीठ जरा मऊ-चिकट वाटेल, आणि बोअरच्या जड पाण्याने ते ताठर होईल. दोन्हींत ब्रेड होतो, फक्त राखलेल्या पाण्याचा अंदाज बदलतो.

मिक्सर थांबवायचा कधी, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकात पिठाचा पातळ पडदा ताणून बघायला सांगतात, आरपार दिसला की झालं म्हणतात. ती खूण पावाची किंवा सँडविच ब्रेडची. फ्रेंच ब्रेडसाठी त्याच्या बरंच आधी थांबायचं. पीठ कडेवरून सुटलेलं असतं, तळाला थोडं चिकटलेलं असतं, पडदा ताणला तर जाडसर ताणला जातो आणि मग फाटतो. इथे ‘अजून दोन मिनिटं’ करू नका. उरलेलं काम घड्या आणि वेळ करतात, आणि त्यात पीठ तापत नाही. थर्मामीटर लावा. २६ च्या वर असेल तर लगेच पसरट ताटात पातळ पसरून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी पाणी आणखी गार घ्या.

मिक्सरबद्दल थोडं. मळायला दुसऱ्या स्पीडच्या वर जायचं कारण नाही. खोक्यावर १००० किंवा १२०० वॅट छापलेलं असतं, तो वीज खाण्याचा आकडा आहे. हुकाच्या ताकदीशी त्याचा थेट संबंध नाही, आणि चौथ्या स्पीडवर घट्ट पिठाचा सगळा मार गिअरवर बसतो. पीठ हुकावर चढून बसत असेल तर बहुतेक वेळा पाणी कमी असतं किंवा स्पीड जास्त असतो. थांबवा, स्पॅचुलाने खाली ओढा, पुन्हा हळू चालवा. चालू मिक्सरमध्ये हात किंवा चमचा घालू नका. तळाशी कोरडा मैदा राहत असेल तर हुक आणि तळ यांतलं अंतर जास्त आहे. बऱ्याच मॉडेलना डोक्याच्या सांध्याजवळ एक स्क्रू असतो, त्याने हुक किंचित खाली येतो. तो तळाला घासेल इतका मात्र आणू नका. आणि ३०० ग्रॅमहून कमी मैदा घेतलात तर ४-५ लिटरच्या भांड्यात हुकाला पकडायला काही मिळत नाही, पीठ नुसतं गोल फिरतं. एवढंसंच करायचं तर हाताने तिंबणं बरं.

पीठ उभ्या कडांच्या पारदर्शक डब्यात काढा आणि पातळीवर खूण करा. अर्ध्या तासाने आणि एक तासाने ओल्या हाताने चारी बाजूंनी ओढून मध्ये घडी घाला. दुसऱ्या घडीनंतर पीठ एकदम शहाण्यासारखं ताठ बसतं, मिक्सरवर अपुरं वाटलेलं असलं तरी. दुप्पट होण्याची वाट बघू नका. पाऊणपट वाढलं, वर दोन-चार मोठे बुडबुडे आले की पुरे. उन्हाळ्यात सव्वा ते दीड तास, थंडीत दोन ते अडीच. मध्येच लाइट गेली आणि ओटीजी चालणार नसेल तर डबा सरळ फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही बिघडत नाही.

साधारण ८३० ग्रॅम पीठ होतं. खरा ‘बागेत’ (baguette, काठीसारखा लांब फ्रेंच ब्रेड) ५५ ते ६५ सेंटिमीटर लांब असतो, तो आपल्या ओटीजीत मावत नाही. चार भाग करा, प्रत्येकी साधारण २०७ ग्रॅम, लांबी ३० सेंटिमीटर. प्रत्येक भाग सैलसर गुंडाळून २० मिनिटं झाकून ठेवा. मग चपटा करा, वरची कड मध्यावर आणून तळहाताच्या टाचेने दाबा, फिरवून दुसरी कड तशीच, शेवटी मधोमध दुमडून शिवण नीट बंद करा. दोन्ही तळव्यांनी मधून बाहेर लाटत लांबवा, ही झाली एक लादी. मागे येत असेल तर ओढाताण न करता पाच मिनिटं सोडून द्या. शिवण ढिली राहिली तर ब्रेड चिरेऐवजी तिथूनच फुटतो.

ठेवायला मांजरपाटाचं जाड कोरं कापड घ्या, खळ धुऊन काढलेलं. त्यावर तांदळाची पिठी भुरभुरवा. मैदा ओल धरून चिकटतो, तांदळाची पिठी चिकटत नाही. कापडाच्या घड्या उभ्या करून दोन लाद्यांमध्ये भिंत करा, शिवण वर. नवख्यांनी सरळ बेकिंग पेपरवर शिवण खाली ठेवलं तरी चालेल, कडेने पेपरच गुंडाळून आधार द्यायचा. ३० ते ४० मिनिटं. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू अर्धाच भरून आला की तयार. झटकन भरला तर थांबा, भरलाच नाही तर उशीर झाला. तुमच्या चिरा न उघडण्याचं अर्धं कारण हा उशीर आहे: फुगायची सगळी ताकद ओव्हनबाहेरच संपते. आपल्या हवेत भाजण्याआधी शेवटची पंधरा मिनिटं लाद्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर वरची कातडी घट्ट होते आणि चीर स्वच्छ पडते.

कापडावरची लादी आधी उलटून, शिवण खाली करून, बेकिंग पेपरवर घ्या. चिरांसाठी दाढीचं नवं ब्लेड, आइस्क्रीमच्या काडीवर वाकवून बसवलेलं. चिरा आडव्या नकोत, जवळजवळ लांबीच्याच दिशेने हव्यात. तीन चिरा, प्रत्येकी साधारण १२ सेंटिमीटर, एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीच्या तीन सेंटिमीटर पुढे जाऊ द्या. ब्लेड ३० अंशांत तिरकं, खोली अर्धा सेंटिमीटर, आणि हात न थांबवता. सरळ उभी चीर दिली तर ती नुसती पसरते, तिरक्या चिरेला पापुद्रा उचलला जाऊन कानासारखी कड उभी राहते.

ओटीजी आता. ब्रेड आडवा पसरण्याचं उरलेलं कारण म्हणजे खालची अपुरी उष्णता. पातळ ॲल्युमिनियमचा ट्रे थंड पीठ ठेवल्याबरोबर गार पडतो. कोल्हापुरात याला सोपा उपाय आहे: शिवाजी उद्यमनगरात किंवा कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ६ मिलिमीटर जाडीची साधी लोखंडी प्लेट ओटीजीच्या मापाने कापून घ्या, सगळ्या बाजूंनी दोन सेंटिमीटर मोकळी जागा सोडून. कडा घासून घ्यायला सांगा. ३५ बाय ३० ची प्लेट पाच किलोच्या आसपास भरते, तेव्हा ओटीजीची जाळी ते वजन पेलते का हे आधी थंड असताना बघा. वरची काळी पपडी व्हिनेगरने काढून, धुऊन, बिडाच्या तव्यासारखं तेल लावून तापवून घ्या.

पूर्ण तापमानावर, २४० ते २५० अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून ४५ मिनिटं तापवा. आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा, कारण ओटीजीच्या बटणावरचा आकडा वीस-वीस अंशांनी चुकतो. पंखा बंद. पंख्याने साल दोन मिनिटांत वाळते आणि चिरा तिथेच अडकतात. ओटीजी १६ अँपियरच्या स्वतंत्र सॉकेटवरच लावा, मिक्सर आणि तो एकाच एक्स्टेंशनवर नको.

वाफेशिवाय फ्रेंच ब्रेड होत नाही. पहिल्या दहा-बारा मिनिटांत साल ओली आणि ताणता येईल अशी राहिली तरच ब्रेड फुलतो, आणि ओल्या पृष्ठभागावरचा स्टार्च शिजूनच ती चमक आणि कुरकुरीतपणा येतो. ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतायचा उपाय बंद रॉडच्या बिल्ट-इन ओव्हनसाठी चांगला आहे: बिडाचा तवा तळाला तापवायचा, काचेवर कोरडं फडकं टाकून १०० मिली पाणी ओतायचं, फडकं काढून दार लावायचं. ओटीजीत हे करू नका. रॉड उघडे असतात, पाणी उडालं तर रॉड किंवा काच तडकू शकते, शॉकची भीती वेगळीच. शिवाय ओटीजीच्या फटींतून वाफ टिकत नाही. त्याऐवजी लाद्यांवर स्प्रेने पाणी मारा, प्लेटवर सरकवा आणि वरून दहा सेंटिमीटर खोल स्टीलचा ट्रे किंवा पसरट पातेलं उपडं घाला. पिठातलीच वाफ आत कोंडते. एका वेळी दोनच लाद्या मावतील. उरलेल्या दोन तोवर फ्रिजमध्ये थांबवा.

१२ मिनिटांनी झाकण आणि पेपर काढा. जाड हातमोजे हवेत, वाफेचा झोत चेहऱ्यावर येतो. मग २२० वर आणखी १२ ते १५ मिनिटं, गडद तपकिरी रंग येईपर्यंत. सोनेरी झाल्याबरोबर काढायची घाई करू नका, कच्च्या सालीतच ओल राहते. परदेशी पाककृतीत आतलं तापमान ९९ अंश बघा असं लिहिलेलं असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे पाणीच ९८ ला उकळतं. ९९ कधीच येणार नाही, तुम्ही ब्रेड वाळवत बसाल. ९५-९६ आला की आतून शिजला. त्यापेक्षा काटा विश्वासू: २०७ ग्रॅमची लादी भाजून १६५ ते १७० वर यायला हवी. १८० भरली तर अजून ओल आहे, आणि तीच ओल तासाभरात सालीत येऊन ती मऊ करते.

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाही साल मऊ करते. त्या दिवसांत भाजून झाल्यावर ओटीजी बंद करून दार बोटभर उघडं ठेवा आणि ब्रेड आतच पाच मिनिटं राहू द्या. मग जाळीवर, खालून हवा लागेल असा. निदान अर्धा तास कापू नका, आतला गाभा अजून बसत असतो.

त्या दिवशी लागेल तेवढा कापडात किंवा कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये साल लगेच सादळते आणि फ्रिजमध्ये ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. उरलेला पूर्ण गार झाल्यावर हवाबंद पिशवीत फ्रीझरला टाका. काढल्यावर वितळायला न ठेवता वरून पाण्याचा हात फिरवा आणि २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम करा. मिसळीसोबत द्यायचा असेल तर बोटभर जाड तिरके काप करून तव्यावर दोन्हीकडून कोरडेच भाजा, तेवढी जाड साल कटात लगेच विरघळत नाही.